इब्राहीमभाईंची रेघ

गेल्या महिन्यात सिल्लोडहून कडूबाचा फोन आला. "मावशी, आबा गेले," एवढंच म्हणाला. कडूबा म्हणजे सांडूचा मुलगा, आणि सांडू म्हणजे आमच्या प्रकाशनाचा कवी. अशा वेळी माणूस आधी दोन बरे शब्द बोलतो. मी विचारलं, "कोणता सांडू? नीट सांग." पलीकडं पोरगं हसलं, आणि हसता हसताच त्याला रडू फुटलं. गोष्ट त्यालाही पाठ होती. बापानं लहानपणापासून कितीदा तरी ऐकवली असणार.

ती गोष्ट सांडूची कमी आणि इब्राहीमभाईंची जास्त आहे. मी ती निःपक्षपातीपणानं वगैरे सांगणार नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या रांजण प्रकाशनाचे झाडून सगळे कवी माझ्या हातचा चहा पिऊन गेले. त्यातल्या बऱ्याच जणांबद्दल मला चहापत्तीइतकीही माया नाही. इब्राहीमभाईंनी कवितेची एक ओळ कधी लिहिली नाही, पण आमची पुस्तकं आज कुणी लांबून ओळखत असेल, तर त्यांच्या हातामुळं ओळखतं.

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याकडून गल्लीत वळलं की त्यांचं शिक्क्यांचं दुकान होतं. एकानं बसावं आणि दुसऱ्यानं पायरीवर उभं राहावं, एवढीच जागा. त्यांचे अब्बा निजामाच्या कचेऱ्यांसाठी पितळेवर उर्दू मोहरा कोरायचे. पोलीस अॅक्शन झाली तेव्हा इब्राहीमभाई पंधरा वर्षांचे होते. माझा जन्म त्याच सालचा, त्यामुळं त्यांचं वय मला नेहमी चटकन सांगता यायचं. राज्य गेलं, पाठोपाठ कचेऱ्यांमधून उर्दूही हळूहळू गेली, आणि अब्बा गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. गिऱ्हाईक येईना. तेव्हा मुलगा म्हणाला, अक्षरं बदलली, पण साहेबांना शिक्का तर लागणारच. त्यानं एक बाराखडीचा तक्ता आणला, आरशासमोर टांगला आणि आरशात बघून मराठी शिकला. शिक्क्यावर अक्षर उलटं कोरावं लागतं ना, मग सुलटं शिकण्यात वेळ कशाला घालवायचा, असा त्याचा सरळ हिशोब होता.

त्यामुळं इब्राहीमभाई मराठी आधी उलटी शिकले आणि सुलटी मागाहून. रस्त्यावरची पाटी वाचताना ते अडखळायचे. रबरावरची उलटी ओळ मात्र झरझर वाचायचे, कारण उलटी मराठी उजवीकडून डावीकडं चालते, आणि ती वाट त्यांना उर्दूमुळं घरची होती. आधी हैदराबाद स्टेट, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. प्रत्येक वेळी सगळ्या हापिसांचे शिक्के बदलले आणि प्रत्येक वेळी या दुकानावर चपराशांची रांग लागली. परवा शहराचं नाव बदललं तेव्हा पुन्हा सगळे शिक्के बदलले. ते आता कॉम्प्युटरवर होतात. मला मात्र दिवसभर ती पायरी आठवत राहिली.

माझे यजमान रामकिसनराव जिल्हा परिषदेत नोकरीला होते आणि उरलेल्या वेळात कवितेची पुस्तकं काढायचं खूळ त्यांच्या डोक्यात होतं. नव्या प्रकाशनाला शिक्का हवा म्हणून आम्ही दोघं त्या दुकानात गेलो. साल एकाहत्तर असेल. इब्राहीमभाईंची गिऱ्हाइकाला विचारायची पद्धत ठरलेली: नाव, हुद्दा, मुक्काम. यांनी 'रांजण' हे नाव सांगितलं. इब्राहीमभाईंनी विचारलं, पाण्याचा की धान्याचा? हे म्हणाले, तसं काही नाही, ते प्रतीक आहे. इब्राहीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, पाण्याचा.

आठवड्यानं शिक्का मिळाला. आगपेटीएवढ्या रबरावर एक पोटाळ रांजण होता आणि त्याच्या बुडाशी, जमिनीवर, बारीक टिंबांची ओल होती. कुणी सांगितली नव्हती ती. माठाखाली, रांजणाखाली जी ओल धरते, उन्हाळ्यात मुंग्या आणि चिमण्या जिच्याभोवती येतात, ती ओल. मी ती बघितली आणि यांना पायरीवरच सांगितलं, आपल्या पुस्तकांची मुखपृष्ठं या माणसाकडूनच करून घ्यायची. ह्यांच्या मनात पुण्याचा कुणीतरी चित्रकार होता. तो तिथंच मागं पडला.

कागद आम्ही दौलताबादच्या पुढून, कागजीपुऱ्याहून आणायचो. हातानं केलेला, दुधी रंगाचा, जरा खडबडीत. मशीनवर त्याला मोठा ब्लॉक नीट लागायचा नाही. म्हणून पुस्तकाचं नाव तेवढं आमच्या घराच्या पडवीतल्या छापखान्यात छापायचं आणि चित्र इब्राहीमभाईंनी प्रत्येक प्रतीवर हातानं उठवायचं, असं ठरलं. ते स्वतः उठवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. एका मुखपृष्ठावर शाई दाट, दुसऱ्यावर पातळ, तिसऱ्यावर चित्र केसभर कललेलं. दोन प्रती सारख्या निघायच्या नाहीत. यांना सुरुवातीला ती चूक वाटायची, मला पहिल्या दिवसापासून तेच आवडलं.

चित्र नेहमी आगपेटीएवढं, आणि ते पानाच्या खाली, उजव्या कडेला. बाकी सगळं मुखपृष्ठ मोकळं. मी एकदा विचारलं, मधोमध का नाही? ते म्हणाले, पान उजवीकडून सुरू होतं भाभी. त्यांच्या दृष्टीनं खरंच होतं ते. पण मग माझ्या लक्षात आलं की मराठी पुस्तक उघडताना वाचकाचा अंगठा नेमका तिथंच पडतो. आमच्या जुन्या प्रती बघा, चित्र अंगठ्यांनी पुसट झालेलं असतं. ज्याचं चित्र जास्त पुसलं ते पुस्तक जास्त वाचलं गेलं, दुसरा कसला पुरावा नको. आकाराबद्दल विचारलं तर म्हणायचे, रबरच एवढं मिळतं. म्हणून यांनी मुंबईहून चांगली मोठी रबराची शीट आणून दिली. इब्राहीमभाईंनी आनंदानं घेतली, आणि कापून तिचे आगपेटीएवढे तुकडे केले. "शिक्का मुठीत मावला पाहिजे," म्हणाले. "नाय मावला, तर तो बोर्ड झाला."

कवी लोकांना त्यांच्या तीन प्रश्नांचा फार जाच व्हायचा. आमचे तात्यासाहेब तहसिलीत अव्वल कारकून होते आणि प्रेमकविता लिहायचे. त्यांना मुखपृष्ठावर चंद्र पाहिजे होता, शक्य असल्यास तळ्यातला. इब्राहीमभाईंनी हुद्दा विचारला. तात्यासाहेब म्हणाले, कवी. इब्राहीमभाई म्हणाले, ते नावातच आलं, दिवसभर तुमचा हात काय करतो ते सांगा. तात्यासाहेब चिडून म्हणाले, कागदाला कागद जोडतो. चित्र आलं ते एका टाचणीचं. एकच टाचणी, टोकाकडं जराशी वाकलेली.

तात्यासाहेबांनी घरी येऊन थयथयाट केला आणि मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसले. पण पुस्तकाची शिलाई करताना ती टाचणी सारखी डोळ्यांसमोर होती, म्हणून मी त्या कविता पुन्हा वाचल्या. जोडून ठेवायला धडपडणारा आणि टोचत राहणारा माणूस त्यांत मला पहिल्यांदाच दिसला. आधी मला तळ्यातला चंद्रच दिसत होता आणि कंटाळा येत होता. तात्यासाहेबांनाही बहुधा ते उमगलं. पुढं ते स्वतः पुस्तकाच्या प्रती घेऊन तालुक्या-तालुक्याच्या कचेऱ्या हिंडले आणि टाचणीवर बोट ठेवून सांगू लागले की कल्पना माझीच.

मुखपृष्ठाखाली नाव छापायला मात्र इब्राहीमभाईंनी कधी होकार दिला नाही. शिक्क्यावर शिक्केवाल्याचं नाव नसतं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आता त्या रेघेकडं येते. एकदा मी दुकानात बसले असताना लक्ष्मीबाई म्हणून एक बाई आल्या. त्यांचे यजमान मुख्याध्यापक होते, ते वारले होते. त्यांनी पिशवीतून त्यांचा शिक्का काढून दिला. इब्राहीमभाईंनी चष्मा पुसला, शिक्का डाव्या हातात धरला, तोंडानं काही पुटपुटले आणि कोरणीनं त्याच्यावर उजव्या वरच्या कोपऱ्यापासून डाव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. मग कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी परत दिला. बाई निघून गेल्यावर त्यांनी मला सांगितलं की ही धंद्याची रीत आहे. माणूस गेला की त्याचा शिक्का कुणी वापरू नये, म्हणून रेघ मारायची. रीत खोट्या सह्याशिक्क्यांच्या भीतीनं पडली असेल, पण त्यांच्या हातात ती मातीला जाण्यासारखी होती. रेघ मारलेल्या दिवशी ते दुसरं काम करायचे नाहीत.

आमचे पहिले कवी वारले, तेव्हा त्यांनी आमच्या कपाटातून त्या पुस्तकाचा शिक्का मागवून घेतला आणि त्यावरही रेघ मारली. रामकिसनराव हादरलेच. दुसरी आवृत्ती काढायची झाली तर? इब्राहीमभाई म्हणाले, काढा की, दुसऱ्या चित्रानं काढा. हा शिक्का त्यांचा होता. त्यानंतर हा नियमच झाला. कवी आहे तोवर त्याचा शिक्का चालू, कवी गेला की रेघ.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात आम्ही सांडूचं पुस्तक काढत होतो. सांडू तेव्हा तिशीचा, सिल्लोडला जिनिंगवर कामाला. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्याचं नाव सांडू ठेवलं होतं. टाकून दिलेलं पोर समजून मरणानं त्याच्याकडं बघू नये, यासाठी. सिल्लोडकडं अशा नावांची माणसं गल्लोगल्ली आहेत. त्याच्या कविता मला आवडायच्या, हे मी त्याला कधी बोलले नाही, नाहीतर तोही चढून बसला असता.

त्या वर्षी इब्राहीमभाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, याला इलाज नव्हता. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. दुकानात मुलानं तयार शिक्के विकायला ठेवले होते, पण कोरायचं काम संपल्यात जमा होतं. सांडूचं चित्र हे शेवटचं, असं त्यांनी आम्हाला सांगून टाकलं. ते दुपारच्या उन्हात पायरीवर बसून, रबर नाकाला लावून कोरायचे. कधी कधी नुसत्या अंगठ्यानं चाचपून कोरणी फिरवायचे.

सांडूला त्यांनी नाव, हुद्दा, मुक्काम विचारलं होतंच. तो म्हणाला होता, जिनिंगवर कापसातला कचरा वेचतो. चित्र ठरलं कापसाच्या बोंडाचं. सांडूला फुटलेलं, उमललेलं बोंड पाहिजे होतं. इब्राहीमभाई नाही म्हणाले. शिक्क्यात पांढरं काढायचं म्हणजे रबर कापून टाकायचं, आणि कापूस तर सगळाच पांढरा. सगळंच कापून टाकलं तर मागं राहणार काय? म्हणून त्यांनी बंद बोंड कोरलं. गोल, टच्च, वर तीन टोकांची झालर. शाई हिरवी ठरली. हिरवी शाई गॅझेटेड ऑफिसर वापरतात हे कळल्यावर सांडू खूश झाला, तरी जाता जाता म्हणालाच, "बंद तर बंद. पर चाचा, बंद बोंडाला बाजारात कोण इचारतंय?"

त्यानंतर एकदा सांडू मुद्रितं वाचायला आमच्याकडं आला, दिवसभर बसून जेवून-खाऊन गेला. त्या आठवड्यातच शहागंजात सरकीच्या व्यवहारासाठी आलेल्या एका माणसानं इब्राहीमभाईंच्या दुकानात बोलता बोलता सांगितलं, जिनिंगवरचा सांडू गेला, मशीनच्या पट्ट्यात सापडला. इब्राहीमभाईंनी विचारलं, कविता करायचा तो? माणूस म्हणाला, ते काय म्हाईत नाय, कचरा वेचायला व्हता. एवढं ऐकल्यावर शंकेला जागा कुठं राहते? इब्राहीमभाईंनी बोंडाचा शिक्का काढला, पुटपुटले, आणि रेघ मारली. मग मुलाचा हात धरून आमच्याकडं निरोप द्यायला आले.

आमच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. रामकिसनराव तर लहान मुलासारखे रडले. तरी छापखाना कुणासाठी थांबत नाही. दोन दिवसांनी ते पहिल्या पानावर सांडूच्या नावाआधी 'कै.' घालायचं म्हणून खिळ्यांच्या खणात 'कै' शोधत होते, आणि तेवढ्यात सांडू दारात उभा राहिला. यांच्या हातातून खिळे सांडले. मी चहा केला, त्यात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी प्यायलाच नाही. मी त्याच्या दंडाला हात लावून बघितला, आणि मग रागावले. जिवंत होतास तर कळवायचं नाही का, असं काहीतरी मी त्याला म्हणाले. आता आठवलं की हसू येतं.

सांडूला हसू आलं नाही. तो पुस्तक थांबवा असं सांगायला आला होता.

काय झालं ते त्यानं हळूहळू सांगितलं. मेला तो दुसरा सांडू, खालच्या आळीचा. दोघं एकाच पट्ट्यावर कामाला. आमच्याकडं मुद्रितं वाचायला यायचं म्हणून आमच्या सांडूनं त्याला आपल्या पाळीवर उभं केलं होतं. हा इथं माझ्या हातची भाकरी खात होता आणि तिकडं तो पट्ट्यात गेला. माझ्या कवितेपायी माणूस गेला, आता त्या कविता कुणी वाचू नयेत, असं म्हणून तो मान खाली घालून बसला. रामकिसनरावांनी समजूत घालायचा प्रयत्न केला. त्यांना समजूत घालता येत नाही, ते साहित्यावर बोलायला लागतात. मी त्यांना थांबवलं आणि सांडूला म्हटलं, जे सांगायचं ते इब्राहीमभाईंनाही सांग. त्यांनी तुझ्यासाठी उरलीसुरली नजर घातली आहे.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा ते उन्हात बसले होते. सांडू पायरीखाली उभा राहून म्हणाला, "चाचा, सलाम."

इब्राहीमभाईंना चेहरा दिसत नव्हता, पण आवाजाला ते कधी चुकायचे नाहीत. मग त्यांनी हात पुढं केला, सांडूचा हात धरला, तो कोपरापर्यंत चाचपला.

"मैं तेरे पे लकीर मार दिया रे," ते म्हणाले. "जित्या माणसावर."

त्यांना तसं बसलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं. राज्यं बदलली, अक्षरं बदलली, डोळे गेले, पण हातून चुकीची रेघ कधी गेली नव्हती. त्यांनी कोरणी उचलून मागं फळीवर टाकली. आता या हातानं शिक्का उठवणार नाही, म्हणाले, आणि दुसरा कोरणं तर शक्यच नव्हतं. सांडू म्हणाला, उठवूच नका, पुस्तकच काढायचं नाय. दोघं एकमेकांना नाही म्हणत होते, आणि दोघांचं नाही एकाच गोष्टीला होतं. मला वाटलं, संपलं हे पुस्तक.

मग इब्राहीमभाईंनी पुस्तक का नको ते विचारलं. सांडूनं सगळं पुन्हा सांगितलं. पाळी कुणाची होती, कोण उभा राहिला, कसं झालं. इब्राहीमभाईंनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

"त्याचा शिक्का होता कुठं?"

सांडूला कळेना. "त्याला कशाला शिक्का आसंल चाचा? अंगठा उठवायचा तो."

"हौ," इब्राहीमभाई म्हणाले. "शिक्का नाय, तर रेघ कुठं मारणार? म्हणून मग तुझ्यावर पडली. रेघ खोटी नाय रे बेटा. एक सांडू गेला, त्याची आहे ती. त्याची एवढीच खूण आहे. ती पण तू बंद करून टाकतो?"

सांडू पायरीवर बसला आणि मोठ्यानं रडला. त्या दिवसापासून आवरून धरलेलं सगळं बाहेर पडलं. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. मी त्यांना तिथून हाकललं.

शांत झाल्यावर त्यानं शिक्का मागितला. उलटसुलट करून बघितला, हिरव्या शाईत बुडवला आणि तिथंच पडलेल्या कागदाच्या तुकड्यावर दाबला. शिक्का उचलल्यावर तो कागदाकडं बघतच राहिला. रेघ कापली गेली होती, त्यामुळं तिथं शाई लागली नव्हती. हिरव्या बोंडाच्या एका खांद्यापासून दुसऱ्या कुशीपर्यंत दुधी कागदाची पांढरी फट पडली होती.

"चाचा," तो म्हणाला, "बोंड फुटाया लागलंय की."

इब्राहीमभाईंनी कागद नाकाजवळ नेला, तिरपा केला, उन्हात धरला. त्यांना किती दिसलं असेल, मला सांगता येणार नाही. त्यांनी अंगठा शिक्क्यावरच्या रेघेवरून फिरवला, आणि मुलाला म्हणाले, मुखपृष्ठाचे गठ्ठे आण.

सगळ्या प्रती त्यांनी स्वतः उठवल्या. सांडू कागद सरकवत होता, मी वाळत घालत होते. त्याआधी मुखपृष्ठावरचं आपलं आडनाव काढून टाकायला सांडूनं सांगितलं होतं. नुसतं 'सांडू' ठेवा, दोघांचं होईल, म्हणाला. नाव छापून झालेलं होतं. रामकिसनरावांनी कुरकुर न करता ती मुखपृष्ठं बाजूला टाकली आणि नवा कागद आणला. संसारात मला नवऱ्याचा फार अभिमान वाटला असे दिवस मोजकेच आहेत, त्यातला तो एक.

निघताना सांडू म्हणाला, "ही त्याची झाली. माझी रेघ ऱ्हायली की मग."

"तेरी बाकी है," इब्राहीमभाई म्हणाले. "मी काही ऱ्हात नाय तोवर. भाभी मारतील."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

इब्राहीमभाई पुढं चौदा वर्षं होते. पूर्ण अंधत्व आलं तरी रोज दुकानात येऊन बसायचे, आणि मुलानं विकलेला शिक्का अंगठ्यानं तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत. ते गेले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या बायकोला, अख्तरीभाभींना विचारलं, त्यांचा शिक्का कुठं आहे? रेघ मारायला हवी ना. त्या म्हणाल्या, त्यांनी स्वतःच्या नावाचा कधी केलाच नाही. मग त्यांनी आतून त्यांची कोरणी आणून माझ्या हातात ठेवली, आणि सांगितलं, त्यांनी तुमच्यासाठी ठेवायला सांगितली होती.

तेव्हापासून आमच्या कवींच्या रेघा मी मारते. तात्यासाहेबांची मारली. रामकिसनराव गेले तेव्हा रांजणावर मारली, आणि त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. खोक्यात आता बिनरेघेचे शिक्के थोडेच राहिलेत.

कडूबाचा फोन ठेवल्यावर मी बोंडाचा शिक्का काढला. चाळीस वर्षांत रबर दगडासारखं झालेलं. कोरणी घसरायला लागली, म्हणून तो उन्हात ठेवला, तासाभरानं जरा नरमला. त्याच्यावर एक रेघ होती, खालच्या आळीच्या सांडूची. आपल्या सांडूची कुठं मारायची? तीच गिरवायची तर ती त्याची झाली नसती. मग मी दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात केली आणि पहिलीला छेदून खालपर्यंत आणली. रेघ सरळ आली नाही. इब्राहीमभाईंनी अंगठा फिरवला असता तर काहीतरी बोलले असते.

हिरवी शाई घरात नव्हती. शेजारच्या मुलीकडून आणवली. कागजीपुऱ्याचा एक जुना तुकडा होता, त्यावर शिक्का उठवून कडूबाला पाठवायचा म्हणून दाबला आणि उचलला. दोन पांढऱ्या फटी एकमेकींना मधोमध भेटल्या होत्या आणि बोंडाच्या चार फाका झाल्या होत्या. सांडूनं पहिल्या दिवशी मागितलं होतं तसं, पुरतं फुटलेलं.